ड्युअल डिप्लॉयमेंट रॉकेटमध्ये पॅराशूट कुठे ठेवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाय-पॉवर रॉकेट, म्हणजे छंद म्हणून उडवलं जाणारं मोठ्या मोटरचं रॉकेट, बांधणाऱ्यांचा जास्तीत जास्त वेळ मोटर, फिन (मागचे पंख) आणि रंगकाम यांत जातो. पॅराशूट शेवटच्या रात्री, जिथे जागा उरली असेल तिथे कोंबलं जातं. रॉकेट मोडतात ती बहुतेक इथेच. खालचे प्रश्न पहिल्यांदा दोन पॅराशूटचं रॉकेट बांधणाऱ्यांकडून सतत येतात. उत्तरं देताना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे: चार्ज, म्हणजे पॅराशूट बाहेर काढण्यासाठी ठेवलेली थोडी दारू, पेटला की कुठली वस्तू कुठल्या दिशेला सरकणार, हे आधी कागदावर बाण काढून पाहा आणि मग पॅराशूटची जागा ठरवा.

ड्युअल डिप्लॉयमेंट म्हणजे नेमकं काय? एका पॅराशूटने का भागत नाही?

रॉकेट सर्वोच्च बिंदूला पोचलं की एक लहान पॅराशूट, म्हणजे ड्रोग, बाहेर येतं. त्याच्या आधाराने रॉकेट सेकंदाला १५ ते ३० मीटर अशा बऱ्यापैकी वेगाने खाली येतं. जमिनीपासून १५० ते ३०० मीटर उंचीवर मोठं पॅराशूट, म्हणजे मेन, उघडतं आणि वेग सेकंदाला ५-६ मीटरवर येतो. दोन्ही वेळा ठरवण्याचं काम हवेचा दाब मोजणारा अल्टिमीटर करतो.

फायदा आकड्यांत बघा. रॉकेट १५०० मीटरवर गेलं आणि वारा सेकंदाला ६ मीटर आहे असं धरू. मोठं पॅराशूट वरच उघडलं तर सेकंदाला ६ मीटरने खाली यायला २५० सेकंद लागतील आणि तेवढ्यात रॉकेट दीड किलोमीटर वाहून जाईल. तेच ड्रोगवर सेकंदाला २५ मीटरने २०० मीटरपर्यंत आलं आणि मग मेन उघडलं, तर एकूण ८५ सेकंद लागतात. वाहून जाणं साधारण ५०० मीटर. एका उड्डाणात रॉकेट नजरेच्या टप्प्यात उतरतं, दुसऱ्यात ते कुणाच्या तरी शेतात शोधत हिंडावं लागतं.

नेहमीची मांडणी कशी असते?

वरून खाली असं: नोज कोन (रॉकेटचं नाक), मेनचा कप्पा, एव्ही-बे, ड्रोगचा कप्पा, आणि मोटर व फिन असलेला मागचा भाग. एव्ही-बे म्हणजे अल्टिमीटर आणि बॅटरी ठेवलेला, दोन्ही टोकांना बल्कहेडने, म्हणजे आडव्या चकतीने, बंद केलेला कपलर (दोन नळ्या जोडणारी आतली नळी). त्याच्या दोन्ही बल्कहेडवर बाहेरच्या बाजूने चार्जच्या वाट्या बसवलेल्या असतात. खालचा चार्ज सर्वोच्च बिंदूला पेटतो आणि रॉकेट मधोमध सुटतं. वरचा चार्ज नंतर पेटतो आणि नोज कोन उडवून मेनला बाहेर काढतो.

मेनच्या कप्प्याची नळी एव्ही-बेला स्क्रूने किंवा काढता येणाऱ्या रिव्हेटने पक्की जोडलेली असते. तिथे काहीही सुटायचं नाही. नवख्यांकडून कधी कधी नेमका हाच जोड सैल राहतो आणि सुटायचा तो घट्ट बसतो. प्रत्येक जोडावर पेन्सिलने 'सुटणार' किंवा 'सुटणार नाही' असं लिहून ठेवा.

मेन वर आणि ड्रोग खाली, हेच का?

तीन कारणं आहेत आणि तिन्ही खरी आहेत.

पहिलं कारण वजनाचं. मेन, त्याची शॉक कॉर्ड (रॉकेटचे भाग आणि पॅराशूट एकत्र बांधणारी दोरी) आणि नोमेक्सचं, म्हणजे ज्वाळेपासून वाचवणारं, कापड मिळून पॅराशूटच्या सामानातलं सगळ्यात जड गाठोडं होतं. ते पुढे असलं की गुरुत्वमध्य पुढे सरकतो. गुरुत्वमध्य हा दाबमध्याच्या, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या, पुढे नळीच्या व्यासाच्या एक ते दोन पट असावा, असा आपला नेहमीचा आडाखा आहे. त्यासाठी नाकात शिसं भरण्यापेक्षा उपयोगाचं वजन पुढे ठेवलेलं केव्हाही चांगलं.

दुसरं कारण मोटरचं. बऱ्याच मोटरना स्वतःचा विलंब आणि स्वतःचा चार्ज असतो आणि तो मोटरच्या पुढच्या टोकातून, म्हणजे खालच्या कप्प्यात, फुटतो. तिथे ड्रोग असेल तर अल्टिमीटर चुकला तरी मोटर ड्रोग बाहेर काढते. विलंब सर्वोच्च बिंदूनंतर दोनेक सेकंदांचा ठेवला की फुकटात दुसरी संधी मिळते. तिथे मेन असेल तर हाच चार्ज मेन वरच उघडून ठेवेल.

तिसरं कारण लहान आहे: नोज कोन हलका असतो, तो उडवायला सोपा.

उलट मांडणी चालतच नाही का?

चालते. मागची नळी लांब आणि मेन फार मोठं असेल तर काहीजण मेन खाली आणि ड्रोग नोज कोनखाली ठेवतात. सर्वोच्च बिंदूला फक्त नोज कोन सुटतो आणि बाकीचं रॉकेट एकसंध, फिन खाली करून लोंबकळत येतं. दोन नळ्या एकमेकींवर आपटण्याचा प्रश्न राहत नाही. मात्र मोटरचा चार्ज काढून टाकावा लागतो किंवा पुढून बंद असलेली मोटर वापरावी लागते, आणि गुरुत्वमध्य मागे गेल्याने स्थैर्याचं गणित नव्याने करावं लागतं. शिवाय फिन असलेली नळी शेपटाच्या दिशेने खाली यायला कुरकुर करते, वळून नाकावर यायला बघते, म्हणून ड्रोग फार लहान ठेवून चालत नाही. पहिल्या रॉकेटसाठी मी ही मांडणी सुचवणार नाही.

खालचा चार्ज ड्रोगला बाहेर काढण्याऐवजी आत ढकलतो, हे खरं आहे का?

खरं आहे. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

नेहमीच्या मांडणीत खालचा चार्ज एव्ही-बेच्या तळाशी, म्हणजे ड्रोगच्या वर असतो. ड्रोग बसलेला असतो मागच्या नळीत. चार्ज पेटला की वायू वरून खाली दाबतो. नळी सुटते खरी, पण नळीतलं गाठोडं मोटरच्या दिशेला, तळाशी जाऊन बसतं. ते बाहेर येतं ते ढकललं गेल्यामुळे नव्हे. दोन भाग लांब जाताना शॉक कॉर्ड त्याला ओढते म्हणून.

माझ्या दुसऱ्या रॉकेटमध्ये मी ड्रोग आधी तळाशी घातला आणि त्यावर आठ मीटर कॉर्ड घडी करून ठेवली. कारण एवढंच की तशी ती सहज मावली. वर गेल्यावर चार्ज वेळेवर पेटला आणि धूर दिसला. दोन भाग वेगळे झाले आणि कॉर्ड सुटत सुटत गेली. पण ती ताणली जाईपर्यंत दोन्ही भागांचा एकमेकांपासून दूर जाण्याचा जोर संपला होता. ड्रोग नळीतच राहिला. २०० मीटरवर मेन उघडलं तेव्हा वेग इतका होता की कापडाच्या दोन पाकळ्या शिवणीवरून फाटल्या. जमिनीवर पोचलेल्या नळीत हात घातला तर ड्रोग आत जसाच्या तसा, घडीही न मोडलेला. त्या दिवशी अल्टिमीटर, चार्ज, बॅटरी यांतलं काहीच चुकलं नव्हतं. चुकला होता तो फक्त भरण्याचा क्रम.

यावर तीन उपाय आहेत.

क्रम बदला. मागच्या भागाकडे जाणारी लांब कॉर्ड आधी तळाशी घडी करून ठेवा, त्यावर ड्रोग, आणि सगळ्यात वर एव्ही-बेकडे जाणारी आखूड कॉर्ड. म्हणजे एव्ही-बे हातभर सरकला की पहिल्या झटक्यालाच ड्रोग तोंडाशी येतो. या रचनेत वरची कॉर्ड थेट ज्वाळेखाली असते, म्हणून ती केव्हलारची, म्हणजे उष्णतेला टिकणाऱ्या धाग्याची, हवी आणि नोमेक्सचं कापड ड्रोगच्या वरच्या बाजूला हवं. कापड खाली अंथरून ड्रोग त्यावर ठेवणारे बरेच दिसतात. मोटरचा चार्ज पेटणार असेल तर ते बरोबर आहे, एव्ही-बेचा पेटणार असेल तर चूक. दोन्ही पेटू शकत असतील तर ड्रोग पूर्ण गुंडाळा.

किंवा चार्ज खाली न्या. ई-मॅचच्या (चार्ज विजेने पेटवणाऱ्या काडीच्या) लांब तारा जोडून चार्जची पुडी मोटरच्या टोकाजवळ बसवता येते. मग वायू ड्रोगला तोंडाकडे ढकलतो. हा उपाय नामी आहे, पण तारा कॉर्डमध्ये गुंतणार नाहीत अशा नळीच्या भिंतीला चिकटवून न्याव्या लागतात.

तिसरा उपाय बांधतानाच करावा लागतो. एक वेगळा कपलर मागच्या भागाला कायमचा चिकटवायचा आणि ड्रोगची नळी एव्ही-बेला जोडायची. आता ड्रोगची नळी वरच्या भागाबरोबर जाते, तिचं बंद टोक म्हणजे एव्ही-बे, आणि चार्ज त्या बंद टोकाशी. ड्रोग उघड्या तोंडाकडे सरळ ढकलला जातो. मोटरचा चार्ज राखीव म्हणून हवा असेल तर त्याचा वायू कपलरच्या बल्कहेडमधून वर यायला भोक ठेवावं लागतं. नवीन रॉकेट बांधत असाल तर माझं मत या तिसऱ्या उपायाला.

मेनच्या कप्प्यात ही अडचण येते का?

नाही. तिथे चार्ज बंद टोकाशी, मेन मधे आणि नोज कोन तोंडाशी. सगळं एकाच दिशेला जातं. तळाशी नोमेक्स, त्यावर लांब कॉर्ड, मग मेन, आणि वर नोज कोनकडे जाणारी आखूड कॉर्ड. गुंडाळलेलं मेन नळीत अडकून बसता कामा नये. नळी उलटी धरून हलकेच हलवली की ते स्वतःच्या वजनाने घसरलं पाहिजे. बोटाने दाबून बसवावं लागलं तर घडी सोडा आणि पुन्हा, लांब आणि बारीक घाला.

शॉक कॉर्डवर पॅराशूट नेमकं कुठे बांधायचं?

मधोमध मात्र कधीच नाही. मधोमध बांधलं की दोन्ही नळ्या एकाच उंचीवर लोंबतात आणि खाली येईपर्यंत एकमेकींवर आपटत राहतात. फिनच्या कडा आणि रंग दोन्ही जातात.

ड्रोगबाबत मघाचाच धागा पुढे न्यायचा. चार्ज एव्ही-बेवर असेल आणि ड्रोग ओढून काढायचा असेल, तर गाठ एव्ही-बेच्या टोकापासून एक तृतीयांशावर मारा. आखूड बाजू वरच्या भागाकडे गेली की ड्रोग लवकर ओढला जातो. मग मागचा भाग सगळ्यात खाली लोंबतो.

पण एक लक्षात घ्या: ड्रोगवर येताना वरचा भाग एव्ही-बेच्या टोकाने टांगलेला असतो, म्हणजे त्याचं नाक जमिनीकडे असतं. मेन खालच्या दिशेने बाहेर फेकलं जातं आणि मग वर येऊन उघडतं. त्याच्या वाटेत फिन आणि दुसरी कॉर्ड लोंबत असेल तर गुंता होऊ शकतो. म्हणून ड्रोग ढकलून बाहेर येईल अशी रचना असेल, तर मी गाठ मागच्या भागाच्या जवळ मारतो. वरचा भाग सगळ्यात खाली लोंबतो आणि मेन मोकळ्या हवेत निघतं. दोन्ही पद्धतींनी रॉकेट सुखरूप उतरतात. चार्जची जागा आणि गाठीची जागा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळा विचार करून ठरवली की घोटाळा होतो.

मेन नोज कोनपासून एक तृतीयांशावर. कॉर्डची एकूण लांबी प्रत्येक कप्प्यासाठी रॉकेटच्या लांबीच्या तीन ते पाच पट.

मेन वरच, ड्रोगबरोबरच बाहेर येतं. असं का होतं?

याची दोन कारणं आहेत आणि दोन्हींवर साधे उपाय आहेत.

ड्रोगची कॉर्ड पूर्ण ताणली गेली की वरच्या भागाला जोराचा हिसका बसतो. नोज कोन पुढे जातच राहू बघतो. अर्धा किलोचा नोज कोन आणि गुरुत्वाच्या ५० पट हिसका धरला तर जोडावर २५ किलोचा ओढा येतो. नुसत्या घट्ट बसवलेल्या जोडाला तो झेपत नाही. त्यासाठी शीअर पिन, म्हणजे नायलॉनचे बारीक स्क्रू. दोन मिलिमीटर जाडीचा एक स्क्रू ढोबळमानाने १५ किलोला तुटतो. तीन लावले की ४५ किलो. ड्रोगच्या जोडालाही पिन लावाव्यात, कारण मोटर विझल्यावर फिनमुळे मागचा भाग जास्त मंदावतो, वरचा भाग पुढे निघू बघतो, आणि रॉकेट वर जात असतानाच सुटू शकतं.

दुसरं कारण कोंडलेली हवा. जमिनीवर बंद केलेल्या कप्प्यात जमिनीवरचाच दाब असतो. तीन हजार मीटरवर बाहेरचा दाब सुमारे ३० टक्के कमी होतो. १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीत हा फरक जोडाला २५ किलोच्या आसपास बलाने बाहेर ढकलतो. प्रत्येक कप्प्याला तीन मिलिमीटरचं एक भोक पाडा, हवा हळूहळू निघून जाते. चार्जचा दाब क्षणात तयार होत असल्यामुळे एवढ्या भोकाने त्याचं काही बिघडत नाही. हे भोक पॅराशूटच्या कापडाने बुजणार नाही अशा जागी हवं, म्हणजे कपलरच्या लगत.

चार्जमध्ये पावडर किती?

बारीक दाण्याची ब्लॅक पावडर, ज्याला फोर-एफ म्हणतात ती, कप्प्याच्या दर लिटर आकारमानाला साधारण ०.४७ ग्रॅम घेतली तर दाब एक वातावरणाच्या जवळ जातो. १० सेंटिमीटर व्यासाचा आणि ४५ सेंटिमीटर लांबीचा कप्पा साडेतीन लिटरचा, म्हणजे १.७ ग्रॅमच्या आत-बाहेर. त्या व्यासाच्या बल्कहेडवर यातून ८० किलोहून जास्त बल येतं, तीन पिन आरामात तुटतात. हा आकडा फक्त सुरुवातीचा. शेवटचा आकडा जमिनीवरच्या चाचणीतून येतो.

कप्पा गरजेपेक्षा लांब असेल तर पावडर जास्त लागते आणि ज्वाळाही मोठी होते. पॅराशूटच्या मापाने कप्पा कापणं हाच खरा उपाय.

पॅराशूटचं माप कसं काढायचं?

चार किलोच्या रॉकेटला सेकंदाला ६ मीटर वेग हवा असेल तर चपट्या कापडाचं मेन सुमारे १.७ मीटर व्यासाचं लागतं. घुमटाच्या आकाराचं, जास्त ओढ देणारं असेल तर सव्वा मीटर पुरतं आणि ते कमी जागेत मावतं. जागा कमी पडत असेल तर घडी आवळण्याआधी आकार बदलायचा विचार करा. त्याच रॉकेटला सेकंदाला २५ मीटरसाठी ड्रोग ४० सेंटिमीटरचा. माप दुप्पट केलं की क्षेत्रफळ चौपट होतं आणि वेग निम्मा, एवढं लक्षात ठेवलं तरी अंदाज चुकत नाही.

दोन्ही पॅराशूट एकाच कप्प्यात ठेवता येतात का?

येतात. मेन गुंडाळून त्याभोवती पट्टा आवळतात आणि तो ठरलेल्या उंचीवर सोडतात. जॉली लॉजिकचं शूट रिलीज हेच करतं: स्वतःच उंची मोजतं आणि १०० ते १००० फुटांदरम्यान निवडलेल्या उंचीवर रबराचा पट्टा सोडतं. तारेने पेटणारे केबल कटर किंवा टेंडर डिसेंडर असेही पर्याय आहेत. रॉकेट एकाच ठिकाणी सुटतं, एव्ही-बेची गरज कमी होते. मात्र बांधलेलं मेनही सर्वोच्च बिंदूच्या झटक्यातून जातं आणि ड्रोगच्या दोऱ्यांजवळच असतं. गुंत्याचा धोका वाढतो, म्हणून ड्रोग आणि मेन यांच्यात कॉर्डवर भरपूर अंतर ठेवा. लहान आणि हलक्या रॉकेटला मला हे आवडतं. जड रॉकेटला दोन कप्पेच.

कॉर्डने नळी चिरली गेली. जागेचा काही संबंध?

थोडा. ड्रोग उशिरा किंवा लवकर निघाला, म्हणजे रॉकेट वेगात असताना, तर कॉर्ड नळीची कड उभी कापत जाते. बारीक केव्हलार सगळ्यात वाईट कापते. वर सांगितलेल्या तिसऱ्या रचनेत मागच्या भागाच्या तोंडाशी नळीची पातळ कड नसून कपलरचं पक्कं बल्कहेड असतं, त्यामुळे तो भाग चिरत नाही. इतर रचनांत कड जिथे येते तिथे कॉर्डवर जाड कापडी बाही किंवा फोमचा गोळा बसवा.

दोन अल्टिमीटर असतील तर चार्ज कुठे बसवायचे?

प्रत्येक बल्कहेडवर दोन वाट्या, एकमेकींपासून लांब, आणि दोन्ही अल्टिमीटरना वेगळी बॅटरी आणि वेगळा स्विच. राखीव चार्ज सेकंद-दोन सेकंद उशिरा आणि साधारण पाव पट मोठा. दोन्ही एकाच वेळी पेटले तर नळी फुटू शकते, म्हणून हे अंतर पाळायचंच. लेव्हल ३ च्या, म्हणजे हाय-पॉवर रॉकेटच्या सर्वात वरच्या पातळीच्या, प्रमाणपत्र-उड्डाणाला अशी दुहेरी व्यवस्था लागतेच. माझ्या मते तीन किलोच्या वरच्या कुठल्याही रॉकेटला असावी.

फार उंच जायचं असेल तर?

सुमारे सहा हजार मीटरच्या वर हवा इतकी विरळ होते की उघडी ब्लॅक पावडर नीट जळत नाही. न जळलेले दाणे विखुरतात आणि दाब तयार होत नाही. तिथे पावडर घट्ट, हवाबंद नळीत कोंडावी लागते किंवा कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची यंत्रणा वापरावी लागते. पॅराशूटच्या जागेचा विचार मात्र तोच राहतो.

जमिनीवरची चाचणी कशी करायची?

उड्डाणाला जसं भराल अगदी तसंच भरा: तेच पॅराशूट, त्याच घड्या, तेवढ्याच पिन. पूर्ण रॉकेट मोकळ्या जागी आडवं, मऊ आधारावर ठेवा. समोर आणि मागे कुणी उभं राहायचं नाही. ई-मॅच लांब तारेने, दुरून पेटवा. डोळ्यांना संरक्षण हवंच.

नळी सुटली की लोक टाळ्या वाजवतात आणि आवरायला लागतात. थांबा, आधी नळीत बघा. ड्रोग बाहेर आला आहे की आतच आहे? आत असेल तर पावडर वाढवण्याआधी भरण्याचा क्रम बदला आणि पुन्हा करा. कापडावर डाग किंवा वितळलेल्या कडा दिसल्या तर नोमेक्स चुकीच्या बाजूला आहे. कॉर्ड पूर्ण ताणून नळी मागे उसळली तर पावडर थोडी कमी करा. कॉर्ड अर्ध्यातच राहिली तर वाढवा. मेनची चाचणी वेगळी घ्या, आणि ती घेताना रॉकेटचा वरचा भाग नाक थोडं खाली करून ठेवा, कारण आकाशातही तो तसाच लोंबणार आहे.